छातीतला डाग: सोनोग्राफी कुठवर सांगते?

(ठाण्यात ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पोट आठवतं. गर्भ, पित्ताशयातले खडे, मुतखडा. छातीला सोनोग्राफी लावायची नसते, हेच वर्षानुवर्षं शिकवलं गेलं, आणि त्यामागे कारण होतं. माणसाच्या कानाला सेकंदाला फार तर २० हजार कंपनांचा आवाज कळतो. सोनोग्राफीच्या प्रोबमधून, म्हणजे अंगावर टेकवतात त्या दांड्यातून, तीसपस्तीस लाख कंपनांचा आवाज निघतो. तो मांसातून, रक्तातून, पाण्यातून सहज जातो. हवा लागली की जवळजवळ सगळाच मागे फिरतो. फुप्फुस म्हणजे तर हवाच. त्यामुळे निरोगी फुप्फुसावर प्रोब ठेवला तर त्याच्या आवरणाची एक चकचकीत रेघ दिसते, श्वासाबरोबर ती पुढेमागे सरकते, आणि त्याखाली काही नाही.

पण रोग येतो तेव्हा तो हवेला हुसकावून तिथे बसतो. न्यूमोनिया असो, टीबी असो, कॅन्सरची गाठ असो. एक्स-रेवर ‘डाग’ दिसतो तो हाच. ती जागा छातीच्या भिंतीला टेकलेली असेल तर आवाजाला आत जायला वाट मिळते. ही अट फार कडक आहे. गाठ फुप्फुसाच्या मधोमध, चारी बाजूंनी हवेत असेल, तर बाहेरून लावलेल्या प्रोबला ती दिसणारच नाही. तिथे सीटी स्कॅन लागतो, किंवा टोकाला सोनोग्राफी बसवलेली दुर्बीण श्वासनलिकेतून आत घालावी लागते. तिला ईबस म्हणतात. ‘सोनोग्राफीत काही दिसलं नाही’ एवढ्यावर कोणी सुटकेचा श्वास टाकू नये.

आता दिसलंच, तर काय पाहायचं? न्यूमोनियात श्वासनलिका शाबूत असतात आणि त्यांत हवा असते. पडद्यावर फांद्यांसारख्या पांढऱ्या रेषा दिसतात, श्वास घेतला की त्यांतले ठिपके हलतात. कॅन्सरची गाठ बहुधा गडद, गोलसर, कडा वेड्यावाकड्या. श्वासाबरोबर ती सरकत नसेल, बरगडीत किंवा स्नायूत घुसलेली दिसत असेल, तर संशय फार वाढतो. गाठ भिंतीत शिरली आहे का, हे सोनोग्राफी अनेकदा सीटीपेक्षाही चांगलं दाखवते, कारण इथे आपण ती हलताना पाहतो.

याच्या पुढची पायरी मला स्वतःला फार सुंदर वाटते. फुप्फुसाला रक्त दोन वाटांनी मिळतं. एक, हृदयाच्या उजव्या बाजूकडून थेट येणारी मोठी रोहिणी. दुसरी, महारोहिणीच्या बारीक शाखा. हाताच्या शिरेत अतिसूक्ष्म बुडबुड्यांचं औषध देतात. ते पहिल्या वाटेने काही सेकंदांत पोचतं. दुसऱ्या वाटेने जायचं तर आधी हृदयाच्या डाव्या बाजूला वळसा घालावा लागतो, म्हणून उशीर होतो. बुडबुडे पोचले की ती जागा पडद्यावर उजळते. न्यूमोनिया लवकर उजळतो. कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुसऱ्या वाटेवर पोसलेली असते, ती साधारण दहा सेकंदांनंतर उजळते. घड्याळ लावून रोग ओळखायचा!

पण हा नियम आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही. जुना टीबीही याच दुसऱ्या वाटेच्या शाखा मोठ्या करून घेतो. टीबीत खोकल्यातून रक्त पडतं ते बहुधा त्यांतूनच. म्हणजे टीबीचा डागही उशिरा उजळू शकतो. कळवा-मुंब्र्यापासून वागळे इस्टेटपर्यंत टीबी आजही घरोघरी माहीत असलेला आजार आहे. शिवाय तुर्भ्याकडच्या दगडखाणींत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्या फुप्फुसात सिलिकाच्या धुळीने असे गोळे होऊ शकतात की एक्स-रेवर कॅन्सरच वाटावा. इथे चित्रावरून नाव ठरवणं धोक्याचं आहे. दोन्ही बाजूंनी! डाग दिसला म्हणून तपासणीशिवाय टीबीची औषधं सुरू होतात, खोकला थोडा कमी होतो, घरचे निर्धास्त होतात, आणि आत वाढतो तो कॅन्सर. ते महिने परत मिळत नाहीत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून सोनोग्राफीचं खरं मोल मी सुईत मानतो. जागा बधिर करून, पडद्यावर सुईचं टोक पाहत तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढता येतो. गाठ भिंतीला टेकलेली असली की सुईला हवेचं फुप्फुस ओलांडावं लागत नाही, त्यामुळे फुप्फुसाबाहेर हवा साठण्याचा धोका कमी. रंगीत डॉपलरवर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, रक्तवाहिन्या चुकवता येतात. गाठीचा मधला भाग मेलेला असेल तर तिथला तुकडा निरुपयोगी. जिवंत भाग कुठला, तेही वर सांगितलेले बुडबुडे दाखवतात. गळपट्टीच्या हाडाच्या वर, मानेच्या बाजूला गाठ लागली तर ती सुईला आणखी सोपी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र आधी सांगा.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती मी रोज ऐकतो. सुईच्या वाटेवर पेशी रुजणं घडतं, पण अत्यंत क्वचित. निदानाशिवाय बसून राहिल्याने होणारं नुकसान त्याहून कितीतरी मोठं आहे.

एक काम नातेवाइकांचं. तुकडा काढण्याआधी विचारा की बाटल्या दोन आहेत ना. एक फॉर्मालिनची, कॅन्सरच्या तपासणीसाठी. दुसरी साध्या सलाईनची, टीबीच्या सीबीनॅट (जंतूंची जनुकं शोधणारी तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी). फॉर्मालिनमध्ये टीबीचे जंतू मरतात. सगळाच नमुना त्यात पडला तर कल्चर होत नाही, आणि टीबीचा प्रश्न उरलाच तर पेशंटला पुन्हा सुईखाली झोपावं लागतं.