अकरा मणी

श्रोतेहो, नमस्कार.

आज झोपेबद्दल बोलायचं आहे. ज्यांना रात्र रात्र डोळा लागत नाही त्यांच्याबद्दल नव्हे. पाठ टेकताच ज्यांना झोप लागते, रात्रभर जे घोरतात आणि तरीही सकाळी दमूनच उठतात, त्यांच्याबद्दल. त्यातही ज्यांच्या घरी शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्यांचा डबा आधीच मांडलेला आहे, त्यांच्याबद्दल. झोपेत श्वास अडण्याच्या या आजाराला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात. ते नाव मी ऐकलं त्याच्या आधी आमच्या घरातला हा आजार ओळखला तो आत्याबाईंनी. आत्याबाई म्हणजे ह्यांच्या सख्ख्या आत्या. वय ब्याऐंशी, शिक्षण चौथीपर्यंत.

कोरेगावला पुतणीचं लग्न होतं. जानेवारीतली थंडी. कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर एका लांबलचक खोलीत ओळीनं गाद्या घातल्या होत्या आणि आम्ही वीस-बावीस माणसं तिथं दाटीवाटीनं झोपलो होतो. हळदीचा डीजे रात्री उशिरा कसाबसा बंद झाला. हे मला अजिबात पटत नाही, आणि आज बोलायची संधी आहे तर बोलतेच. लग्नघरात म्हातारी माणसं असतात, कुणाचं हार्टचं ऑपरेशन झालेलं असतं, तान्ही बाळं असतात. छाती हादरवणारा तो आवाज त्यांनी का सोसायचा? पूर्वी ताशा-सनई होती, तीही वेळेत थांबायची. असो.

हे उताणे झोपले होते आणि घोरण्यानं खोली भरून गेली होती. पुतणे-भाचे मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढत हसत होते. मी त्यांना दटावलं आणि शाल ओढून झोपले.

पहाटे तीनच्या सुमाराला माझ्या खांद्यावर हात पडला. बघते तर आत्याबाई. त्यांना दोननंतर झोप नसते. भिंतीला टेकून, घोंगडी पांघरून, हातात माळ घेऊन बसतात. तोंडानं "श्रीराम जय राम जय जय राम" चालू असतं. मला म्हणाल्या, "सूनबाई, ऊठ. ह्याच्याकडं बघ जरा."

मी म्हटलं, "घोरताहेत ना आत्याबाई, रोजचंच आहे."

"घोरतोय ते ऱ्हाऊ दे. थांब. आत्ता बघ."

आणि घोरणं मधेच तुटलं. खोलीत एकदम शांत झालं. खिडकीतून मांडवातल्या दिव्याचा उजेड येत होता, त्यात मला ह्यांचं पोट दिसत होतं. पोट वरखाली होत होतं, छातीही धडपडत होती. मी नाकाशी बोट धरलं. वारा नाही. आत्याबाईंची बोटं माळेवर सरकत होती. एक मणी, दुसरा मणी, तिसरा. ओठ हलत होते. मीही मोजायला लागले. सात, आठ, नऊ. माझ्या हातापायातलं बळ गेलं. दहा. अकराव्या मण्याला ह्यांनी असा काही श्वास ओढला, जसा विहिरीत बुडी मारलेला माणूस वर येऊन ओढतो, आणि मान वळवून पुन्हा घोरायला लागले. स्वतःला त्याचा पत्ताही नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "मघापास्नं बघतीय. कधी सात मणी, कधी नऊ, आता अकरा. माळ फुडं जाती, पर ह्याचा श्वास न्हाई."

मी म्हटलं, "शुगर आहे ना त्यांना. थकतात फार."

तेव्हा त्या जे म्हणाल्या, ते वाक्य मी आजवर विसरले नाही. "शुगरनं माणूस थकंल गं. श्वास का थांबंल?"

श्रोतेहो, ह्यांना त्या वेळी चौदा वर्षं मधुमेह होता. बीपीच्या तीन गोळ्या चालू होत्या, तरी वरचा आकडा दीडशेच्या खाली यायला तयार नव्हता. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाणं व्हायचं. हे आत जायचे, मी बाहेर पिशवी घेऊन बसायची. लग्नाहून आल्यावर मी पहिल्यांदा आत गेले. डॉक्टरांना माळेचं सगळं सांगितलं. मनात धाकधूक होती, की म्हातारीचं काय ऐकता, असं म्हणतील. ते तसं म्हणाले नाहीत. मनगटातलं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाले, "तुमच्या आत्याबाई करतात त्याच लयीत जप म्हणा. अकरा वेळा."

दवाखान्यात बसून मी जप म्हटला. चौतीस सेकंद झाले. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं: झोपेत श्वास थांबतो, 34 सेकंद. मग ह्यांच्याकडे वळून विचारलं, रात्री लघवीला किती वेळा उठता? चार वेळा. आम्ही समजत होतो, शुगरमुळे. सकाळी डोकं जड असतं? असतं. आम्ही समजत होतो, बीपीमुळे. पेपर वाचता वाचता डुलकी लागते? लागते. आम्ही समजत होतो, वयामुळे. पुतण्यांनी काढलेला तो व्हिडिओ आहे का, हेही त्यांनी विचारलं. मी पुतण्याला फोन लावला, त्यानं तिथल्या तिथं पाठवला, आणि ज्याच्यावर पोरं हसली होती तो व्हिडिओ डॉक्टरांनी दोनदा, कान देऊन बघितला.

मला आज सांगायचं आहे ते हेच. घरात जुना आजार असला की नवं दुखणं त्याच्याच खात्यावर जमा होतं. लघवी शुगरच्या नावावर, डोकेदुखी बीपीच्या नावावर, थकवा वयाच्या नावावर. तिन्हीच्या मागे चौथंच कुणीतरी उभं असतं, आणि ते अंधारात, झोपेत उभं असतं. ज्याला आजार आहे त्याला ते दिसत नाही. शेजारी जागं असणाऱ्यालाच दिसतं. पुन्हा सांगते, शेजारी जागं असणाऱ्यालाच दिसतं. म्हणून नवरा-बायकोपैकी एकजण डॉक्टरांकडे गेलं की दुसऱ्यानं बाहेर पिशवी धरून बसू नये, आत जावं.

होतं काय, तर झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे पडते आणि हवेची वाट मिटते. छाती ओढ घेत राहते, हवा जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागं करतो, वाट उघडते, माणूस पुन्हा झोपतो. रात्रभर हेच. प्रत्येक वेळी बीपी उसळतं, शरीरात ताणाची रसायनं सुटतात आणि इन्सुलिनचं काम अवघड होतं. छातीत जी ओढ बसते तिनं हृदयावर ताण येतो, आणि हृदय मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायचा निरोप धाडतं. रात्रीची ती चार वेळची लघवी त्यातली होती.

झोपेची तपासणी झाली. छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा, डोक्याला वायरी. तासाला पाचपेक्षा कमी वेळा श्वास अडला तर चालतं. पंधराच्या वर मध्यम, तिसाच्या वर तीव्र. ह्यांचा आकडा 42 आला. तासाला बेचाळीस वेळा. ऑक्सिजन 71 टक्क्यांपर्यंत उतरला होता.

उपाय म्हणून सीपॅपचं मशीन आलं. त्यात औषध नसतं, साधी खोलीतलीच हवा थोड्या दाबानं नाकात जात राहते आणि घशाची वाट उघडी ठेवते. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान या डॉक्टरांनी 1980 मध्ये ते पहिल्यांदा माणसावर वापरलं आणि 1981 मध्ये त्याबद्दल लिहिलं. त्याआधी तीव्र आजारावर गळ्याला भोक पाडून नळी बसवणं हाच हमखास इलाज होता. हे ऐकल्यावर ह्यांनी मशीनला नावं ठेवणं बंद केलं.

पण सोपं गेलं नाही. पहिले तीन दिवस मध्यरात्री मास्क ओढून फेकला. गुदमरतंय, म्हणायचे. मिशीमुळे मास्कच्या कडेनं हवा सुटायची, आणि मिशी काढायला ते तयार नव्हते. चाळीस वर्षांची मिशी आहे. मग नुसता नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क मिळाला. दुपारी पेपर वाचताना अर्धा तास तो लावून बसायचे, झोपायचं नाही, नुसती सवय करायची. दोन आठवडे गेले. ज्यांच्या घरी मशीन आणून कपाटावर ठेवलेलं आहे त्यांनी हे करून बघा. मास्कचे प्रकार असतात, मापं असतात. एक बसला नाही म्हणून मशीनच सोडायचं नाही.

सगळ्यात आधी रात्रीची लघवी कमी झाली. चारावरून एकावर. मग सकाळचं डोकं. बीपीचं मात्र नीट ऐका. मशीननं बीपी सरासरी दोन-तीन अंशच उतरतं, म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. गोळी बंद करायची नाही. शुगरचंही तेच. ह्यांची शुगर खाली आली ती पुढच्या वर्षात, जेव्हा अंगात चालायला जायची ताकद आली आणि सहा किलो वजन उतरलं तेव्हा. वजन दहा टक्के उतरलं की श्वास अडणं साधारण पाव हिश्श्यानं कमी होतं, असं अभ्यासात दिसलं आहे.

कोविडच्या वेळचं ऑक्सिजनचं यंत्र घरात पडून असेल, तर तेच लावू का, असं शेजारच्या एकानं विचारलं होतं. दारच मिटलेलं असताना बाहेर हवा वाढवून वाट उघडत नाही. दुसऱ्याचं सीपॅपही आणून लावू नका. हृदय कमजोर असेल तर श्वास थांबण्याचा प्रकारच वेगळा असू शकतो, त्यात मेंदूच श्वासाचा निरोप द्यायचा चुकतो. त्याचा इलाज डॉक्टरच ठरवतील. दारू आणि झोपेची गोळी, दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो. मोतीबिंदू असो की हर्निया, ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार आहे हे सांगायचंच.

आणि उताणं झोपू नये. आपल्याकडे दुपारच्या झोपेला वामकुक्षी म्हणतात, डाव्या कुशीवरची झोप. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. आता दुपारची झोप उरली आणि कूस गेली.

लाइट गेली की मशीन बंद पडतं, म्हणून आम्ही त्याचा प्लग इन्व्हर्टरवर घेतला. पाण्याच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं, मास्क रोज सकाळी साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा. दात घासल्यासारखं ते अंगवळणी पडतं.

बायकांबद्दल एक बोलायचं राहिलं. बाई घोरते हे आपल्याकडे कुणी बोलत नाही. तिची लेक लपवते, ती स्वतः लपवते. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हा आजार वाढतो, आणि पुष्कळदा त्यांचं घोरणं हळू असतं, नुसता थकवा असतो, झोप मोडत असते. त्यांना रक्त कमी आहे म्हणून टॉनिक मिळतं. माझ्या मैत्रिणीला असं टॉनिक दोन वर्षं मिळालं. मला याचं खरंच वाईट वाटतं.

दिवाळीत आत्याबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "रात्री दोन माळा झाल्या. ह्याचा आवाजच न्हाई, म्हणून मला भ्या वाटलं. उठून नाकाशी हात धरला, तर बारीक वारा लागला. मग परत येऊन बसले."

आज रात्री तुमच्या घरात कुणी घोरत असेल, तर दहा मिनिटं जागे राहा. घोरणं तुटलं की मोजा. घड्याळ दिसत नसेल तर जप म्हणा, अंक म्हणा, पण मोजा. पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्या, आकडा कागदावर लिहा, आणि पुढच्या वेळी शुगर-बीपीच्या रिपोर्टबरोबर तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा.

नमस्कार.