माउझलची दगडी घरं: खालच्या मजल्याची गोष्ट

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या अगदी नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये माउझल नावाचं छोटंसं मच्छीमार बंदर आहे. दोन दगडी धक्के, मधे चिंचोळं तोंड, हिवाळ्यात ते तोंडसुद्धा मोठमोठे लाकडी ओंडके क्रेनने खाली सोडून बंद करतात म्हणजे लाटा आत घुसत नाहीत, आणि धक्क्याला लागूनच एकमेकांना चिकटलेली ग्रॅनाइटची घरं. टुरिस्ट लोक फोटो काढतात ते वरच्या खिडक्या आणि कुंड्यांचे, मी बोलणार आहे ते खालच्या मजल्याबद्दल.

आधी थोडा इतिहास. १५९५ च्या जुलैमध्ये स्पॅनिश गलबतं आली, सैनिक उतरले आणि गाव जाळून टाकलं. केगविन कुटुंबाचं घर तेवढं वाचलं, ते अजून उभं आहे, पण घर राखताना जेन्किन केगविन मारला गेला. बाकी आज दिसतं ते बहुतेक त्यानंतरचं.

आता पिल्चर्ड. हा मासा आपल्या तारलीच्या जातकुळीतला. उन्हाळा सरता सरता त्याचे थवेच्या थवे किनाऱ्याजवळ यायचे, कड्यावर बसलेला टेहळ्या पाण्याचा रंग बदललेला बघून 'हेव्हा, हेव्हा' ओरडायचा आणि सगळं गाव खाली धावायचं. जाळी ओढायची पुरुषांनी, पण पुढचं सगळं बायकांचं काम आणि ते व्हायचं घराच्या खालच्या मजल्यावर. मिठाचा थर, माशांचा थर, परत मीठ, अशी भिंतीला लागून रास रचायची, ती महिनाभर तशीच मुरू द्यायची, मग मासे धुऊन पिंपात गोल गोल रचायचे आणि वरून दाबायचे. दाबायचे कसे, तर वाशाचं एक टोक भिंतीतल्या खोबणीत अडकवायचं, दुसऱ्या टोकाला जड दगड टांगायचा. निथळलेलं तेल जमिनीतल्या नाळीतून खड्ड्यात जायचं, ते दिव्यांना वापरायचे, आणि पिंपं जायची इटलीला, कारण तिथे लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, उपासाला मांस चालायचं नाही, मासा चालायचा. आणि हे सगळं चालू असताना माणसं वरच्या मजल्यावर राहायची, बाहेरच्या दगडी जिन्याने वर जायचं, तो वास किती असेल विचार करा! त्या खोबण्या अशा जुन्या खालच्या मजल्यांच्या भिंतींत अजून सापडतात, कुणी त्यांना हौसेने केलेले कोनाडे समजू नका.

म्हणजे हे घर नुसतं राहायचं नव्हतंच, तो कारखाना होता. विसाव्या शतकात पिल्चर्डचा धंदा ओसरला, मोठ्या बोटी शेजारच्या न्यूलिनला लागायला लागल्या, आणि खालच्या मजल्यांच्या झाल्या बैठकीच्या खोल्या.

तरी गाव जिवंत होतं. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री वादळात युनियन स्टार जहाजाचं इंजिन बंद पडलं, तेव्हा सॉलोमन ब्राउन ही लाइफबोट, म्हणजे बचाव बोट, घेऊन आठ जण निघाले, आठही स्वयंसेवक, आठही याच गावचे. एका मुलाला किनाऱ्यावरच थांबवलं कारण त्याचे वडील बोटीत होते, एका घरातले दोघं न्यायचे नाहीत असं कॉक्सवेनने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, ठरवलेलं. कुणीच परत आलं नाही, जहाजावरची आणि लाइफबोटीवरची मिळून १६ माणसं गेली. आणि दुसऱ्याच दिवशी नवीन क्रूसाठी गावातली माणसं पुढे आली! मला सांगायचंय ते हेच, की ही माणसं हाकेच्या अंतरावर राहत होती म्हणून हे होऊ शकलं.

आज यातली बरीच घरं सेकंड होम (मालकाचं सुट्टीपुरतं दुसरं घर) किंवा हॉलिडे लेट (पर्यटकांना भाड्याने दिलेलं घर) आहेत. बरीचशी लिस्टेड, म्हणजे जपायच्या इमारतींच्या सरकारी यादीत आहेत, खिडकी बदलायची तरी परवानगी लागते, पण आत वर्षभर कुणी राहतं का हे लिस्टिंग विचारत नाही. कॉर्नवॉल कौन्सिलने एप्रिल २०२५ पासून सेकंड होमवरचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, दुप्पट केलाय, ते मला पटतं. कॉर्नवॉलमधल्याच सेंट आयव्हज गावाने त्याआधीच, २०१६ मध्ये, मतदान घेऊन नव्या घरांमध्ये सेकंड होम नको असा नियम केला, पण तो फक्त नव्याने बांधलेल्या घरांना लागू होतो, जुनी दगडी घरं त्यात येतच नाहीत, आणि बाहेरच्या खरेदीदाराला नेमकी तीच हवी असतात.