इंचाला फूट

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला बोलायचंय फुटपाथच्या कोपऱ्याविषयी. चौक आला की फुटपाथ संपतो, रस्ता सुरू होतो आणि मधे एक उतार असतो. असायला हवा, असं म्हणू. इंजिनिअर त्याला कर्ब रॅम्प म्हणतात, मी आपला उतार म्हणणार आहे.

नियम दोनच सांगते. फुटपाथ रस्त्यापासून 150 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सहा इंचांपेक्षा उंच नसावा. आणि उतार असावा एकास बारा. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-इंजिनिअरांच्या संस्थेने पादचाऱ्यांसाठी जी मार्गदर्शिका काढली आहे, तिच्यात हे आहे. शिवाय 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहेच. एवढं लक्षात ठेवा. आता मी आत्याकडे वळते, कारण खरं सांगायचं तर मला तीच गोष्ट सांगायची आहे.

माझी आत्या कोथरूडला राहते. वय 81. सगळी नोकरी शाळेत शिवण शिकवण्यात गेली. खुब्याचं हाड मोडल्यापासून घरात वॉकर आणि बाहेर व्हीलचेअर. गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची वेळ आली. घरात पेन्शनर असेल त्यांना नोव्हेंबर म्हणजे काय ते सांगायला नको. मी म्हटलं, "आत्या, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनसुद्धा दाखला देता येतो गं." तर म्हणाली, "जिवंत आहे हे सांगायला मी घरात बसून राहू?" आणि इरकली नेसून तयार झाली.

बँक चालत सात मिनिटांवर. दोन रिक्षावाल्यांनी खुर्चीकडे बघून मान हलवली. निघालो चालतच.

पहिला कोपरा. नवा कोरा उतार, लाल पेव्हर ब्लॉकचा. (हे पेव्हर ब्लॉक शोधून काढणाऱ्याला एकदा व्हीलचेअरवर बसवून लक्ष्मी रोडभर फिरवायला हवं. आपली शहाबादी फरशी काय वाईट होती? असो.) मला तो उतार बघून बरं वाटलं. खुर्ची सरळ पुढे ढकलली. आणि खालच्या टोकाला उतार रस्त्याला टेकलेलाच नव्हता! दोन इंचांची पायरी राहिली होती. पुढची छोटी चाकं धप्पकन खाली गेली, पाय ठेवायची पट्टी डांबरावर आपटली, खुर्ची जागच्या जागी थांबली आणि आत्या पुढे. मी खांदा धरला म्हणून वाचली. पर्स, पासबुक, चष्म्याचं घर, सगळं रस्त्यावर.

तिथे एक पेरूवाला उभा होता. हातगाडी सोडून धावत आला. "ताई, तोंडानं नका उतरवू. पाठमोरी घ्या, मोठं चाक आधी." त्याने सांगितलं तसं आम्ही खुर्ची उलटी फिरवून उतरवली. मग म्हणतो, "माझी गाडी पण इथनं उतरत न्हाई. बांधलंय ते नुसतं बघायला. मी त्या सोसायटीच्या गेटापुढनं उतरतो."

मी वळून बघितलं. खरंच की. सोसायटीच्या गेटापुढे मस्त लांब, अलगद उतार. मोटारीसाठी होता ना तो! मोटारीला उतार लागतो हे कुणाला सांगावं लागत नाही.

आत्या तोपर्यंत सावरली होती. तिने पर्समधून काय काढावं? शिवणाची टेप. नोकरी सुटून वीस वर्षं झाली, पण टेप सुटलेली नाही. म्हणाली, "किती हवा म्हणालीस उतार?" मी सांगितलं, एकास बारा. "म्हणजे इंचाला फूट. मग तसं सरळ सांगावं की!"

श्रोतेहो, हेच लक्षात ठेवा. इंचाला फूट. एक इंच उंची असेल तर एक फूट लांब उतार. सहा इंच असेल तर सहा फूट.

टेपचं एक टोक पेरूवाल्याने धरलं, एक मी. फुटपाथची उंची भरली सात इंच. उताराची लांबी दोन फूट. आत्या म्हणाली, "कापड कमी पडलं म्हणून बाही आखूड केलीय मेल्यांनी."

दुसऱ्या कोपऱ्यावर उतार बरा होता, पण तोंडाशी स्टीलचे खांब. दुचाक्या चढू नयेत म्हणून. पुन्हा टेप. दोन खांबांत 24 इंच, आमची खुर्ची साडेसव्वीस. आम्ही मोजतोय तोवर मागून हॉर्न वाजला. फुटपाथवर, मागून, हॉर्न! तो स्कूटरवाला सोसायटीच्याच गेटातून वर चढला होता. (अशांच्या चाकांतली हवा तिथल्या तिथे सोडावी, दंडाची पावती मग सावकाश फाडावी, असं माझं अगदी स्पष्ट मत आहे.) म्हणजे खांबांनी अडवलं कुणाला? फक्त आत्याला. दोन खांबांत साधारण चार फूट मोकळी जागा असली तर खुर्ची जाते.

बँकेला तीन पायऱ्या. ते पुराण लांबवत नाही. अधिकारी बाई स्वतः खाली उतरून आल्या, आत्याने उन्हात सही केली, जिवंत असल्याचं सिद्ध झालं. परतताना अर्धा किलो पेरू घेतले. पेरूवाला पैसे घेईना, आत्या ऐकेना.

आता माहितीचं थोडं, घड्याळ पुढे सरकतंय. हे उतार काही आजचे नाहीत. अमेरिकेत कलामझू नावाच्या गावी दुसऱ्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांसाठी 1940 च्या दशकातच असे उतार केले होते. पुढे 1970 च्या सुमारास बर्कलीमधल्या व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्यांनी नगरपालिकेच्या मागे लागून ते करून घेतले.

आणि अंध माणसाचं उलट असतं बरं का. फुटपाथची कड पायाला लागली की त्याला कळतं, रस्ता आला. कड गेली, उतार झाला, तर त्याला कळणार कसं? म्हणून त्या पिवळ्या उठावाच्या फरश्या. लांब पट्ट्या असतील तर चालत राहा, ठिपके असतील तर थांबा. ही कल्पना जपानच्या सेईची मियाके यांची. ओकायामा शहरात 1967 मध्ये त्या पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या. आपल्याकडे ही पिवळी पट्टी कधीकधी थेट झाडाच्या बुंध्यात जाते, ते तुम्ही बघितलं असेलच.

आणखी एक. रस्त्यावर डांबराचा थरावर थर चढतो, रस्ता उंच होतो आणि उताराच्या पायथ्याशी पावसाचं तळं साचतं. उतार बांधून झाला तरी काम संपत नाही ते यामुळे. तेव्हा इंचाला फूट, खालचं टोक रस्त्याला टेकलेलं आणि पायथ्याशी पाणी नाही. पुन्हा सांगते, टेकलेलं! अर्धा इंच राहिला तरी छोटं चाक अडतं.

तर आत्याने काय केलं? ब्लाउजचा कागदी बेत काढतात ना, त्या खाकी कागदावर दोन्ही कोपऱ्यांचा बेत काढला. मापं घातली, कुठे किती कमी तेही लिहिलं आणि पालिकेकडे पाठवून दिला. मी म्हटलं, जाईल रद्दीत. फेब्रुवारीत एक गवंडी आणि दोन बिगारी येऊन उभे!

आत्या खुर्ची घेऊन कोपऱ्यावर हजर. गवंडी म्हणाला, "आजी, सात फूट काढला तर फुटपाथ आडवाच संपतोय." खरं होतं त्याचं. फुटपाथ अरुंद असला की अख्खा कोपराच खाली घ्यावा लागतो, दोन्ही अंगांनी हळूहळू. त्याने पाण्याची नळी लावून लेव्हल काढली आणि तसंच केलं. माल वाळल्यावर आत्याने वरून बादलीभर पाणी ओतायला लावलं. पाणी सरळ चेंबरकडे गेलं. तेव्हा कुठे तिने त्याला चहा दिला.

दुसरा कोपरा अजून तसाच आहे. 24 इंच. परवाच मोजून आले.

नमस्कार.