करडा रंग नसलेल्या पडद्यावर गोदेचा पूर

गोदेला पूर आला की नाशिककर क्युसेक विचारत नाहीत. पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर लागलं, एवढंच विचारतात. गुडघ्याला? कमरेला? हा फोटो अशाच एका पावसाळ्यातला, पाणी छातीपर्यंत चढलेलं. आकाश करडं, पाणी करडं, घाटाचा दगडही करडा. आणि आपल्याला तो चढवायचाय या साडेसात इंची ई-इंक पॅनेलवर, ज्याला करडा रंग दाखवताच येत नाही.

पॅनेल ८०० बाय ४८० पिक्सेलचं. आत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कुप्या, त्यांत पांढरे आणि काळे कण. दोघांचा विद्युतभार उलटा. व्होल्टेज दिलं की एक रंग वर येतो, दुसरा तळाला बसतो. मग वीज काढून घेतली तरी चित्र जागचं हलत नाही.

छापखान्यांना हा पेच जुनाच. काळ्या शाईतून करडं निघत नाही, म्हणून तिथे लहान-मोठ्या ठिपक्यांचे हाफटोन ब्लॉक आले. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच ब्लॉक आणि छपाईच्या धंद्यात होते. पण ब्लॉकवरचा ठिपका लहान-मोठा करता येतो, पिक्सेल सगळे एकाच मापाचे. तेव्हा ठिपक्यांची दाटी कमी-जास्त करायची. यालाच म्हणतात डिथरिंग.

सगळ्यात चालणारी रीत रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांची, १९७६ सालची. मारुतीच्या खांद्यावरचा हा एक पिक्सेल घेऊ. काळ्याला शून्य, पांढऱ्याला २५५ धरलं तर याची उजळी १००. जवळचा रंग काळा, म्हणून हा काळा झाला. मग उरलेल्या शंभराचं काय? बेरजेतल्या हातच्यासारखे ते पुढे न्यायचे. सोळातले सात भाग उजवीकडच्या पिक्सेलला, म्हणजे ४४. खालच्या ओळीत डावीकडून तीन, पाच आणि एक भाग, म्हणजे १९, ३१ आणि ६. उजवीकडचा शेजारीही १०० च होता, तो झाला १४४. निम्म्याच्या वर गेला, म्हणून पांढरा! आता याच्याकडे १११ ची तूट आली, ती पुढच्यांच्या माथी.

असं करत खालच्या कोपऱ्यापर्यंत गेलं, की दोन हात लांबून खांदा गोल दिसायला लागतो.

मात्र पावसाळी आकाशात या रीतीने किड्यांसारखी वळवळ उमटते. तिथे ॲपलचे प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन यांची रीत आम्हाला जास्त आवडली. ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकाच्या काळातली ही रीत फरकाचे आठपैकी सहाच भाग वाटते, दोन सोडून देते. त्यामुळे उजळ भाग स्वच्छ पांढरा राहतो आणि चित्र उठून दिसतं. पण हीच रीत काळाराम मंदिराच्या फोटोला लावा. काळ्या पाषाणावरचं कोरीवकाम सावलीत बुडून सपाट काळं होतं. तिथे फ्लॉइड-स्टाइनबर्गच बरी. बायर यांची ठरावीक जाळीची रीतही आहे, नकाशांना आणि आलेखांना ठीक, माणसांच्या चेहऱ्यांना नको.

कुठलीही रीत घ्या, क्रम चुकवू नका. आधी फोटो कापून नेमका ८०० बाय ४८० करायचा, मग उजळी सुधारायची, डिथरिंग अगदी शेवटी. त्यानंतर चित्र एका पिक्सेलनेही लहान-मोठं केलं, तर ठिपक्यांवर पट्टे उमटतात. उजळी सुधारायची ती अशासाठी, की फोटो-फाइलमधले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. फाइलमधला १२८ म्हणजे निम्मा प्रकाश नव्हे, तो निम्मा होतो १८८ च्या आसपास. हा हिशेब न करता ठिपके पाडले, तर पुराचं गढूळ पाणी दुधासारखं पांढरं दिसतं.

आता फाइल. इथे जेपेग नकोच. जेपेग चित्राचे आठ बाय आठचे चौकोन पाडतो आणि बारीक चढउतार गाळतो. डिथरिंग म्हणजे तर नुसते बारीक चढउतार! काळ्या-पांढऱ्याच्या कडेला करडी धूळ साचते आणि फाइलही फुगते. म्हणून काहीच न गाळणारा पीएनजी, तोही एक-बिटचा, म्हणजे प्रत्येक पिक्सेल काळा नाहीतर पांढरा. मोबाइलवरून पाठवायचा असेल तर मेसेजमध्ये फोटो म्हणून टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून जोडा. नाहीतर वाटेत पुन्हा जेपेग होऊन बसतो.

पॅनेलमागचं मायक्रोकंट्रोलर, म्हणजे पडदा चालवणारी छोटी संगणक-चिप, अगदीच साधं असेल, तर पीएनजीचीही गरज नाही. एका पिक्सेलला एक बिट, म्हणजे पूर्ण चित्र ४८,००० बाइटचं. ते सरळ मेमरीत ओतायचं, उलगडत बसायचं कारणच नाही.

पुस्तकं वाचायच्या ई-रीडरचं गणित वेगळं. त्या पडद्यांना बहुतेक १६ छटा जमतात आणि चित्र किती मोठं दाखवायचं हे यंत्रच ठरवतं. ई-पुस्तकात हाच मारुती घालायचा असेल तर ठिपके पाडूच नका, साधा करडा फोटो द्या. तिथे जेपेगही चालेल.