रिकाम्या तासाचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसाला लिहायला वेळ मिळत नाही, ही तक्रार मी गेली अनेक वर्षे करीत आलो आहे आणि ती खोटी नाही. सकाळचे सलग तास, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, फायली, परीक्षेचे पर्यवेक्षण आणि संध्याकाळी गारगोटीहून कोल्हापूरला आणणारी एस.टी.; एवढ्यातून शोधनिबंधाच्या वाट्याला येतो तो दोन तासांच्या मधला रिकामा तास. मात्र एका सत्रात त्या रिकाम्या तासाचा हिशेब मी वहीत मांडला, तेव्हा लक्षात आले की त्यातला बराचसा वेळ लिहिण्यात जातच नव्हता, तो शोधण्यात जात होता. शेवटची फाइल कोणती, हे अवतरण कोणत्या पुस्तकातले, पृष्ठ कितवे, या प्रश्नांतच घंटा होत असे. म्हणून आज मी शैलीविषयी नव्हे, तर या शोधाशोधीविषयी बोलणार आहे.

सुरुवात ग्रंथालयापासून करू. १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरात काय किंवा शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात काय, आता आपण वही काढत नाही, परवानगी घेऊन मोबाइलने पानाचा फोटो काढतो. सोय मोठी आहे, पण अडचणही तिथेच सुरू होते. माझ्या मोबाइलमध्ये एका जुन्या ग्रंथाच्या पानाचा उत्तम फोटो आहे. मजकूर स्वच्छ वाचता येतो, फक्त तो कोणत्या ग्रंथाचा हे आजतागायत मला सांगता आलेले नाही आणि त्यावर उभा केलेला एक परिच्छेद मला लेखातून काढून टाकावा लागला. तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. पहिला फोटो मुखपृष्ठामागच्या शीर्षकपानाचा, दुसरा त्याच्या पाठीवरील आवृत्ती, वर्ष आणि प्रकाशक यांच्या नोंदीचा, आणि मगच हव्या त्या पानाचा, तोही पृष्ठांक कापला जाणार नाही असा. हा फोटो गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडला, की छापील मराठी मजकूर बराचसा टंकित होऊन समोर येतो. रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे मात्र मूळ पानाशी ताडून पाहावीत, कारण चुकीचे अवतरण हे अवतरण न देण्यापेक्षा वाईट.

ही नोंद त्याच दिवशी झोटेरो या मोफत संदर्भ-व्यवस्थापकात गेली पाहिजे. इंग्रजी लेखाचा डीओआय, म्हणजे त्या लेखाचा कायमचा ओळख क्रमांक दिला, की लेखक, वर्ष, नियतकालिक हे सारे तो स्वतः भरतो. मराठी पुस्तकांची माहिती बहुधा हाताने भरावी लागते. पण ती एकदाच. पुढे एका नियतकालिकाला संदर्भ देण्याची एपीए पद्धत हवी असेल आणि दुसऱ्याला एमएलए, तर संदर्भसूची नव्याने टंकित करण्याची गरज उरत नाही. ज्यांनी चाळीस संदर्भांतील स्वल्पविराम रात्री बसून बदलले आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता मराठीत लिहिणाऱ्यांचे खास दुखणे. माझ्या प्रबंधाचे एक प्रकरण मी जुन्या फाँटमध्ये टंकित करून घेतले होते. ते दुसऱ्या संगणकावर उघडले तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा नुसता पाचोळा दिसला. कारण साधे होते: त्या फाँटांत मराठी अक्षराला स्वतःचा संकेतांक नसतो, रोमन अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असते. असा मजकूर शोधता येत नाही आणि इतरांच्या लेखनाशी साम्य तपासणाऱ्या प्रणालीलाही तो मराठी म्हणून ओळखता येत नाही. युनिकोड या पद्धतीत प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेतांक असतो, म्हणून ही अडचण येत नाही. विंडोजमध्ये भारतीय लिपींसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आयताच मिळतो. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, एवढे ध्यानात ठेवून रोज थोडा सराव केला तर बोटांना वळण लागते. तोवर मोबाइलवर बोलून मजकूर उतरवता येतो. एस.टी.त मी निबंधाचा कच्चा मसुदा असाच उतरवतो, शेजारचा प्रवासी थोडा चमकतो एवढेच.

फाइलीला ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘खरे अंतिम’ अशी नावे देणे सोडावे आणि नावाच्या आरंभी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालावी. फायली आपोआप ओळीने लागतात. एक प्रत संगणकावर, एक गुगल ड्राइव्हवर आणि एक घराबाहेर असावी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ चे पूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला तळमजल्यावरच्या कपाटातील पेनड्राइव्हचा भरवसा किती, हे ठाऊक आहे.

प्रकाशनाविषयी थोडे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण म्हणून एका परिच्छेदाची उचल क्षम्य ठरते असे मी मानत नाही. आयोगाने मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता अधिकच आपल्यावर आली आहे. पैसे भरताच आठवड्यात स्वीकृतीपत्र येत असेल, तर लेख वाचला कोणी, हा प्रश्न विचारावा. चॅटजीपीटीसारख्या साधनाकडून भाषा तपासून घेण्यास माझी हरकत नाही. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नयेत, कारण अस्तित्वात नसलेल्या लेखाचे नाव, वर्ष आणि पृष्ठांकही ते बेमालूम देते. प्रत्येक संदर्भ मुळात उघडून पाहावा.

शेवटची सवय फाइल बंद करण्याची. घंटा झाली की पुढे काय करायचे ते मी मजकुराच्या तळाशी एका ओळीत लिहितो. काल लिहिले आहे: ‘पृष्ठ ११२ वरील तक्ता पाहणे, दुसरा परिच्छेद तिथून.’ उद्या पावणेबाराचा तास सुटला, की तो तक्ता उघडायचा आहे. नमस्कार.