फोडणीआधी पान उलटून बघा

नमस्कार श्रोतेहो.

रत्नागिरीकडच्या आमच्या घरामागे चिऱ्याचा एक गडगा, म्हणजे दगडी कुंपण आहे, एक कढीपत्ता, एक लिंबू, आणि न्हाणीचं पाणी जातं तिथे अळू. गेली चार वर्षं मी एवढ्याच जागेत सरडे, अळ्या, फुलपाखरं यांचे मोबाइलवर फोटो काढतोय. ताडोबालाही जाऊन आलो एकदा. वाघापेक्षा पुढच्या जिप्सीतल्या लोकांच्या पाठीच जास्त आल्या फोटोत!

तुम्हालाही असे फोटो काढायचे असतील तर सुरुवात सरड्यापासून करा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण हिणवून म्हणतो. पण फोटो काढणाऱ्याला तीच मोठी सोय. मे सरताना, पावसाच्या तोंडावर, नराचं डोकं आणि गळा लालभडक होतो. गडग्यावरचा आपला चिरा तो सोडत नाही. तिथेच बसून जोर काढतो, दुसऱ्या नराला दम भरतो. आपण हललो की पळतो, पण थोडा वेळ गप्प बसलं तर पुन्हा त्याच चिऱ्यावर हजर. मोबाइल त्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणायचा, म्हणजे आपणच उकिडवं बसायचं. गुडघे कुरकुरतात, काय करणार! उभ्यानं, वरून काढलेला सरडा नुसता काटकीसारखा दिसतो. आणि हो, आधी लेन्स पुसा. खिशातल्या मोबाइलवर घामाचा आणि बोटांचा थर असतो.

खरी गंमत मात्र कढीपत्त्यावर. पानावर पक्ष्याची विष्ठा पडलीय असं वाटतं, आणि ती विष्ठा चालायला लागते! ही कॉमन मॉर्मन फुलपाखराची लहान अळी. कात टाकत टाकत ती हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून तांबूस, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते, त्याला उग्र वास येतो. पण फोटोसाठी मुद्दाम डिवचू नका. रोज त्याच पानाचा, त्याच कोनातून एक फोटो घ्या. साधारण महिनाभरात अंड्यापासून फुलपाखरापर्यंतची गोष्ट हातात येते. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर नीलवंतही अंडी घालतं. 2015 साली महाराष्ट्रानं त्याला राज्य फुलपाखरू केलं. असं फुलपाखरू ठरवणारं आपलं देशातलं पहिलं राज्य.

एक चूक सांगतो. पहिल्याच वर्षी शिंपी पक्ष्यानं पानं शिवून केलेलं घरटं दिसलं. आतली पिल्लं नीट दिसावीत म्हणून मी पुढची डहाळी वाकवून बांधली. दुसऱ्या दिवशी घरटं फाटलेलं होतं. पिल्लं कावळ्यानं नेली की भारद्वाजानं, कळलं नाही; वाट मीच मोकळी करून दिली होती. तो फोटो चांगला आला होता, पण कुणाला दाखवला नाही. तेव्हापासून घरट्याकडे पाठ.

रात्री पडवीतल्या दिव्याखाली पतंग जमतात, पाठोपाठ पाली. तिथे फ्लॅश मारला की सगळं चुन्यासारखं पांढरंफटक होतं. त्यापेक्षा विजेरीवर पातळ रुमाल टाकून बाजूनं उजेड धरा. कॅमेरा असेल तर पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

आजच सकाळी आतून हाक आली, "अहो, या काडीवर तुमचं कोणी आहे का? डाळ फोडणीला टाकायचीय."

होतं. दोन अळ्या होत्या. कढीपत्ता शेजारून आणला.