आधी कान, मग दुर्बीण

मंडळी, वर्षावनात पक्षी बघायला जायचं ठरलं की सगळे पहिल्यांदा दुर्बिणीबद्दल विचारतात. तिच्याकडे येऊच, पण मी कानांपासून सुरुवात करतो. घनदाट वर्षावनात वरच्या उन्हातला जेमतेम एक-दोन टक्के प्रकाश जमिनीपर्यंत उतरतो. खालचे पक्षी त्या अंधारात, वरचे तीस मीटर उंचीवर पानांआड. ऐकू येतात पुष्कळ, दिसतात मोजके.

अ‍ॅमेझॉनच्या जंगलात स्क्रीमिंग पिहा नावाचा पक्षी आहे. त्याची शीळ चाबकासारखी कानावर येते. पहिल्या खेपेला मी तीन दिवस मान वर करून त्याला शोधत होतो. एवढा आवाज म्हणजे पक्षीही तसाच झगझगीत असणार, हे मीच मनाशी धरलेलं. चौथ्या दिवशी गाइडने बोट दाखवलं तर एक साधासा राखाडी पक्षी फांदीवर ढिम्म बसलेला. तोवर माझी नजर त्याच्यावरून कितीदा घसरून गेली असेल, देव जाणे.

तेव्हा निदान दोन महिने आधी आवाज ऐकायला बसा. झेनो-कॅन्टो या संकेतस्थळावर २००५ पासून जगभरच्या लोकांनी ध्वनिमुद्रणं चढवली आहेत. पण तिथे सगळंच ऐकायला जाऊ नका. पेरूतल्या मनू राष्ट्रीय उद्यानात हजाराहून जास्त जातींचे पक्षी आहेत. टेड पार्कर नावाचा अमेरिकन पक्षितज्ज्ञ चार हजारांच्या आसपास जाती नुसत्या आवाजावरून ओळखायचा म्हणतात. तो वेगळाच प्राणी होता. आपण चाळीस निवडू. रोज कानावर पडणारे आधी, दुर्मीळ नंतर. आणि प्रत्येक हाकेला स्वतःचे शब्द चिकटवा. पावशाच्या तोंडी आपण ‘पेरते व्हा’ घातलंच आहे की! शब्द जितका विचित्र, तितका पक्का बसतो.

या चाळिसांत एक जागा मिश्र थव्यांच्या म्होरक्यांना द्या. वर्षावनात तासभर शुकशुकाट असतो आणि मग पाच मिनिटांत वेगवेगळ्या जातींची झुंबड समोरून निघून जाते. अ‍ॅमेझॉनमध्ये अशा थव्यांचे म्होरके बहुधा अँटश्राइक नावाचे पक्षी असतात. ते पहारा देतात, ससाणा दिसला की ओरडतात, म्हणून बाकीचे त्यांच्या आसपास राहतात. त्यांची हाक ओळखता आली तर थवा पोचायच्या आधी तुम्ही उभे राहून तयार असता. लष्करी मुंग्यांचंही तसंच. त्यांच्या रांगेपुढे पळत सुटलेले किडे टिपायला अँटबर्ड नावाचे पक्षी जमतात. मुंग्या खायला नव्हे, हे लक्षात घ्या.

आता दुर्बीण. ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटर रुंद असलेली. बेचाळीसला आठाने भागलं की सव्वापाच मिलिमीटर येतात. तेवढ्या रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यापाशी पोचतो. १०×४२ मध्ये तो ४.२ वर येतो आणि हात कापतो तेही जास्त दिसतं. अंधारात पक्षी मोठा दिसण्यापेक्षा उजळ दिसणं महत्त्वाचं. ती जलरोधक असावी आणि दोन मीटरवरचंही स्पष्ट दाखवणारी असावी, कारण कधी पक्षी पायवाटेवरच येऊन बसतो. डास पळवणारं डीट हे रसायन असलेलं मलम लावत असाल तर तळहात पुसल्याशिवाय दुर्बिणीला हात लावू नका. डीट प्लॅस्टिक खातं. माझ्या दुर्बिणीची पकड एका सहलीत चिकट झाली ती कायमचीच.

बाकी थोडक्यात. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस जाण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते. २०१६ पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. मलेरियाच्या काही गोळ्या परतल्यावरही चार आठवडे घ्याव्या लागतात, डॉक्टरांशी नीट बोला. सुती कपडे नकोत, ते वाळतच नाहीत. बोर्निओत जळवांसाठी लांब मोजे, अ‍ॅमेझॉनमध्ये गमबूट. आवाज फोनमध्ये उतरवून घ्या, तिथे नेटवर्क नसतं. मात्र पक्ष्याला बाहेर काढायला ते पुन्हापुन्हा वाजवू नका. बिचारा घुसखोर आला समजून विणीचं काम सोडून भांडायला येतो.

पहिल्या पहाटे उजाडायच्या आत वही घेऊन बाहेर बसा. दुर्बीण गळ्यातच राहू द्या. ऐकू येईल ते तुमच्या चिकटवलेल्या शब्दांत लिहा. चाळिसांतले पाच-सहा ओळखीचे निघतील. बाकीच्यांपुढे प्रश्नचिन्हं टाका आणि न्याहारीला गाइडसमोर वही उघडा.